मदत हवी आहे: मॉनिटर २७ इंची आयपीएस की ३२ इंची वक्र व्हीए?

मंडळी, ऐरोलीत राहतो. नवा मॉनिटर घ्यायचाय आणि आठवडाभर दोघांतच अडकलोय. दोन्ही १४४०पी, म्हणजे २५६० बाय १४४० पिक्सेल; आयपीएस आणि व्हीए हे पॅनेलचे दोन प्रकार. एक २७ इंची आयपीएस, १८० हर्ट्झ (सेकंदाला १८० वेळा चित्र बदलतं). दुसरा ३२ इंची वक्र व्हीए, १६५ हर्ट्झ. किमतीत फरक हजारभराचाच. दिवसा ऑफिसचं एक्सेल, रात्री जेवणं उरकली की व्हॅलोरंट हा नेमबाजीचा गेम. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६०.

वाशीला दुकानात दोन्ही पाहिले. व्हीएवर काळा रंग खरंच काळा, आयपीएसवर जरा राखाडी. पण अंधाऱ्या दृश्यात माउस भर्रकन फिरवला की व्हीएवर मागे काळी शेपूट ओढल्यासारखी दिसली. शिवाय ३२ इंचावर इंचाला ९२ पिक्सेल, म्हणजे माझ्या जुन्या २४ इंची फुल एचडीइतकेच. २७ इंचावर १०९. एक्सेलच्या बारीक आकड्यांत हा फरक जाणवेल ना?

त्यात भिंतीला लागलेलं टेबल जेमतेम दोन फूट रुंद, म्हणजे स्क्रीन डोळ्यांपासून तेवढ्याच अंतरावर. खिडकी पश्चिमेला, चारनंतर ऊन थेट स्क्रीनवर. पडदा ओढला की आई ओरडते, "दिवसाढवळ्या काय अंधार करून बसलायस!"

माझा कल २७ कडे आहे. पण दोन फुटांवरून ३२ इंची रोज वापरणारं कुणी आहे का? मान दुखते? आणि ती शेपूट सवयीने दिसेनाशी होते, की खुपतच राहते?