पायथन परिषदेसाठी टॉक प्रपोजल: मसुदा तपासून हवा आहे

रानवारा (धागाकर्ता)

मंडळी, पायकॉन इंडियाला (पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या भारतातल्या परिषदेला) पहिल्यांदाच टॉकचं प्रपोजल पाठवायचंय. विषय पायथनमध्ये मराठी मजकूर हाताळण्याचा. ३० मिनिटं धरून चाललोय, त्यातली शेवटची ५ प्रश्नोत्तरांना. फॉर्ममध्ये इंग्रजीत जाईल, इथे मराठीत देतोय.

शीर्षक: पायथन आणि भारतीय भाषा

सारांश: आजच्या डिजिटल युगात भारतीय भाषांचं महत्त्व वाढत आहे. या टॉकमध्ये आपण युनिकोड, एनकोडिंग, फॉन्ट, ओसीआर, भाषांतर आणि चॅटबॉट यांचा आढावा घेऊ. सर्वांसाठी उपयुक्त.

प्रश्न: एवढ्यावर भागेल का? सारांश आणि वर्णन हे दोन रकाने वेगळे का असतात? स्लाइड आधीच लागतात का? दोन प्रपोजलं टाकली तर चालतं का?

अर्धविराम

नाही भागणार. २५ मिनिटांत सहा विषय म्हणजे प्रत्येकाला चार मिनिटं. परीक्षक पहिला भागाकार हाच करतो. 'डिजिटल युग' वाचून तर तो पुढच्या प्रपोजलकडे वळतो, कारण ते वाक्य कुठल्याही टॉकला चिकटवता येतं.

एकच दुखणं घ्या. मराठीपुरतं सगळ्यात चांगलं सापडेल ते 'दऱ्या' या शब्दात. तो तीन प्रकारे टाइप होतो:

१. द, ऱ (यू+०९३१, हा युनिकोड या अक्षरतक्त्यातला क्रमांक), हलन्त (पाय मोडणारी खूण), य, काना. लांबी मोजणारं लेन() देतं ५.
२. द, र, नुक्ता (अक्षराखालचं टिंब), हलन्त, य, काना. लेन() ६.
३. द, र, हलन्त, झेडडब्ल्यूजे (झीरो विड्थ जॉइनर, न दिसणारं जोडचिन्ह, यू+२००डी), य, काना. हेही ६.

पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, पण == लावून तुलना केली की फॉल्स, म्हणजे 'सारखे नाहीत'. पायथनच्या युनिकोडडेटा मॉड्यूलचं नॉर्मलाइझ एनएफसीने (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याच्या युनिकोडच्या पद्धतीने) चालवलं की पहिले दोन एक होतात, तिसरा हटून बसतो. आणि 'अदृश्य कचरा' म्हणून झेडडब्ल्यूजे सरसकट पुसलात तर उरतं 'दर्या'. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र झाला! आचाऱ्यांना आणि आचार्यांना हीही तीच गंमत. एवढ्यावर अख्खा टॉक उभा राहतो.

उपाय टॉकमध्ये दिसायलाच हवा. र + हलन्त + झेडडब्ल्यूजे दिसलं की ऱ + हलन्त करायचं, मग एनएफसी, आणि उरलेले झेडडब्ल्यूजे त्यानंतरच काढायचे. हे सगळं फक्त शोधासाठीच्या वेगळ्या कीवर, म्हणजे शोधापुरत्या केलेल्या प्रतीवर. साठवलेला मूळ मजकूर आहे तसाच ठेवायचा.

टिपकागद

वरच्याला +१, फक्त एक भर. २०११ ची पायकॉन इंडिया पुण्यात झाली होती, पण पुण्यात असो की बेंगळुरूत, समोर देशभरचे लोक असतात. परीक्षकाला मराठी येत असेलच असं नाही. म्हणून 'दऱ्या' आणि 'दर्या' यांचे अर्थ सारांशातच द्या, आणि हिंदीचं एक उदाहरण शेजारी ठेवा. हिंदीतलं ड़ (यू+०९५सी) एका कोडपॉइंटचं (एका युनिकोड क्रमांकाचं) असेल तर एनएफसी ते फोडून ड आणि नुक्ता असे दोन करतं. तेच एनएफसी मराठीत र आणि नुक्ता जोडून एक ऱ करतं. एनएफसी नेहमी जोडतं हा गैरसमज अनुभवी लोकांचाही असतो, त्यामुळे टॉक फक्त मराठीवाल्यांचा राहत नाही.

आता रकाने. सारांश प्रेक्षकासाठी असतो: चार-पाच वाक्यं, कुठलं दुखणं आणि काय घेऊन जाल. वर्णनात परीक्षकाला मिनिटवार आराखडा हवा असतो. तुमचा साधारण असा बसेल:

० ते ३: तीन 'दऱ्या', दोन फॉल्स, थेट डेमो
३ ते ८: कोडपॉइंट म्हणजे काय, युनिकोडडेटाच्या नेम() ने आत डोकावणं
८ ते १५: एनएफसी काय जोडतं, काय फोडतं, काय सोडून देतं
१५ ते २१: शोधाची की बनवणारं फंक्शन
२१ ते २५: त्याच्या चाचण्या, 'दर्या' न बिघडवण्याची चाचणी धरून

पूर्वतयारीत 'पायथनची स्ट्रिंग माहीत असावी' एवढंच लिहा. 'सर्वांसाठी' लिहिलं की कोणासाठीच नाही असा अर्थ निघतो.

रानवारा

हे फारच उपयोगी पडलं. मग 'क्षत्रिय' शब्दाची लांबी ८ येते, वाचणाऱ्याला अक्षरं ३ दिसतात, हेही घालू का? तीन मिनिटांत होईल.

अर्धविराम

तीन मिनिटांत नाही होणार, कारण त्यात एक खड्डा आहे. कोडपॉइंट ८ हे खरं, यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत २४ बाइट. पण ग्रॅफीम क्लस्टर (वाचणाऱ्याला एक अक्षर वाटणारे गट) मोजले तर उत्तर युनिकोडच्या आवृत्तीवर ठरतं. १५.१ च्या आधीच्या नियमांत हलन्तानंतर तुकडा पडायचा, म्हणून ५: क्, ष, त्, रि, य. १५.१ मध्ये देवनागरी जोडाक्षरं न तोडण्याचा नियम आला, तेव्हापासून ३. तुमची लायब्ररी जुन्या तक्त्यांवर असेल तर मंचावर ५ येईल आणि स्लाइडवर ३ लिहिलेलं असेल. हा वेगळा टॉक आहे, तुमचं दुसरं प्रपोजल हेच करा. दोन प्रपोजलं बहुतेक ठिकाणी चालतात, पण विषय खरंच वेगळे हवेत. एकाच मजकुराची दोन शीर्षकं लगेच ओळखू येतात.

खडूफळा

राहिलेलं पटापट.

फॉर्म: यंदाचा कुठल्या साइटवर आहे ते सीएफपीच्या (प्रपोजल मागवणाऱ्या) पानावर बघा. जंक्शन ही पायकॉन इंडियाने बरीच वर्षं वापरलेली व्यवस्था. तिथे प्रपोजल उघड असतं, लोक मत देतात, परीक्षक खालीच प्रश्न विचारतात. त्या प्रश्नांना उत्तर न देणं हा मागे पडण्याचा हुकमी मार्ग, म्हणून पाठवल्यावर दर दोन-तीन दिवसांनी डोकवा. फोन नंबर तिथे टाकू नका. युरोपायथन आणि फॉसडेम या युरोपातल्या परिषदा प्रीटॅल्क्स ही प्रपोजलांची व्यवस्था वापरतात. तिथे निवड झाली की सारांश आणि वर्णन दोन्ही वेळापत्रकात छापून येतात. 'हा टॉक आधी मीटअपला दिलाय', 'व्हिसा लागेल' वगैरे आयोजकांसाठीच्या टिपांच्या रकान्यात. निवडीचा मेल आला म्हणजे काम झालं असं नाही. कन्फर्म वेगळं दाबावं लागतं, तोवर टॉक जाहीर वेळापत्रकात चढत नाही.

स्लाइड: पूर्ण नकोत. पण चालणारा कोड आणि पाच-सहा कच्च्या स्लाइडचा दुवा दिला तर हा माणूस वेळेत तयारी करेल हे कळतं. दुवा खाजगी खिडकीत उघडून तपासा. ड्राइव्हवरच्या फाइलला परवानगीच दिलेली नसते, असं फार वेळा होतं.

परिचय: तीन ओळी, याच विषयाशी नातं सांगणाऱ्या. काही परिषदा पहिल्या फेरीत नाव झाकून वाचतात, तिथे सारांशात स्वतःचं किंवा कंपनीचं नाव नको. आणि कंपनीचं उत्पादन मध्यभागी असेल तर तो टॉक नाही, जाहिरात. ऑफिसची परवानगी मात्र आधी घ्या, निवडीनंतर नाही.

एआयने लिहून घेतलेला सारांश टाकू नका. इंग्रजी थोडं अडखळतं असलं तरी चालतं, गुळगुळीत पोकळ मजकूर चालत नाही.

रानवारा

नवं शीर्षक: 'दऱ्या == दऱ्या फॉल्स का येतं? पायथनमधले तीन सारखे शब्द'. मिनिटवार आराखडा वर्णनात टाकला. फंक्शन आणि चाचण्या रेपोत (कोडच्या साठ्यात) ठेवतोय. डेमो टर्मिनलवर (कमांड टाइप करायच्या खिडकीत) केला तर चालेल?

टिपकागद

शीर्षक झकास. टर्मिनल नको. बऱ्याच टर्मिनलना देवनागरी नीट जुळवता येत नाही. काना-मात्रा सुटे पडतात, आणि 'सारखे दिसतात' हाच तुमचा मुद्दा मंचावर खोटा ठरतो. ब्राउझरमधली नोटबुक (कोड आणि निकाल एकत्र दाखवणारं पान) वापरा, आणि त्याच निकालांचे स्क्रीनशॉट स्लाइडमध्येही ठेवा.

शिवाय फॉर्ममध्ये पेस्ट केल्यावर जतन करून मजकूर परत उचला आणि लेन() तपासा. काही साइट झेडडब्ल्यूजे गाळतात. तुमचा तिसरा 'दर्‍या' तिथेच समुद्र झालेला असायचा. वर्णनात प्रत्येक रूपापुढे कोडपॉइंटचे आकडे लिहून ठेवा, म्हणजे गाळला गेला तरी परीक्षकाला कळेल.