ठासणीच्या बंदुकीला उकळतं पाणी: गरज की नुसता रिवाज?

पेनसिल्व्हेनियाकर
सहा वर्षं झाली, इथे अमेरिकी यादवी युद्धाच्या लढाया उभ्या करणाऱ्या एका गटात जातोय. निळा गणवेश, बिनगोळीची कागदी काडतुसं आणि खांद्यावर १८५३ च्या एनफिल्ड बंदुकीची नवी नक्कल. (हो, तीच एनफिल्ड, जिच्या काडतुसांच्या चरबीवरून १८५७ ला आपल्याकडे भडका उडाला.) दिवसाला ४०-५० बार सहज होतात. संध्याकाळ झाली की जो तो चुलीवर पाणी चढवतो आणि उकळी आली की नळी धुवायला आत ओततो. माझ्या मते हा निव्वळ रिवाज आहे, वर नुकसानीचा.

काळ्या दारूत ७५ टक्के सोरा, १५ कोळसा, १० गंधक. जळल्यावर निम्म्याहून जास्त ऐवज घन स्वरूपात मागे उरतो. त्यातलं पोटॅशियम कार्बोनेट म्हणजे आपला जवखार. तो हवेतलं पाणी ओढून घेतो आणि नळी गंजवतो, पण नळाच्या पाण्यातही मुकाट विरघळतो. उकळतं पाणी ओतलं की पोलाद तापतं, पाणी उडून जातं आणि उघड्या धातूवर तिथल्या तिथे गंज धरतो. कोरडी चिंधी फिरवली की गेरूच्या रंगाची बाहेर येते.

गेले दोन हंगाम मी कोमट पाणीच वापरतोय. टोपी (घोडा पडला की फुटून आतली दारू पेटवते ती छोटी वाटी) बसते ते बोंड बंद करायचं, नळी भरायची, दोन मिनिटांनी ओतून द्यायची. पहिलं पाणी शाईसारखं, सडक्या अंड्यांच्या वासाचं. चौथं स्वच्छ. मग जुन्या गंजीफ्रॉकच्या चिंध्या, मग तेल.

कुडाळचा_बाबल्या
साफ नामंजूर. आमच्या घरात शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक आहे, आजोबांपासूनची. त्यांचं एकच म्हणणं, "पाणी गरमच होया." का? जुलैत आमच्याकडे लंगोटसुद्धा चार दिवस वाळत नाही, बंदुकीची नळी कुठून वाळणार? गरम पाण्याने नळी स्वतःच वाळते. वर खोबरेल तेलाचा हात. आजही आतून आरशासारखी आहे.

पेनसिल्व्हेनियाकर
बाबल्याभाऊ, आजोबांच्या टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असणार. त्याचं मीठ नळीत राहायचं आणि ते पोलादाचा कर्दनकाळ. त्या काळी गरम पाण्याचा आग्रह समजू शकतो. माझ्या टोप्यांत तो प्रकारच नाही. आणि खोबरेल इथे ऑक्टोबरातच थिजतं हो! गज (ठासायची-पुसायची लांब काठी) आत अडकून बसायचा.

तेल वनस्पतीचं किंवा चरबीचं असावं हे मात्र शंभर टक्के मान्य. गाडीच्या इंजिनाचं तेल लावून पुढचा बार काढला की आत डांबर तयार होतं.

जुनं_ते_सोनं
दोघंही नकलेबद्दल आणि वापरातल्या बंदुकीबद्दल बोलताय म्हणून बरं. अस्सल जुन्या बंदुकीत असलं बादलीभर पाणी ओतलंत तर रात्री झोप लागणार नाही मला. बोंडातून झिरपलेलं पाणी नळी आणि लाकूड यांच्या फटीत उतरतं. वरून चकचकीत, खालून नळी खाल्लेली. ओल्या चिंध्या गजावर गुंडाळून काम भागवा.

पेनसिल्व्हेनियाकर
मग दर वेळी नळी उतरवायची? एनफिल्डला तीन कड्या, मागे एक स्क्रू. दर शनिवारी ते काढा-घाला करून लाकडाच्या कडा झिजतात. मी हंगामात दोनदाच उतरवतो.

जुनं_ते_सोनं
दोनदा कमी आहे. पाण्यात बुडवणं सोडा, नाहीतर उतरवणं वाढवा. दोन्ही बाजूंनी बोलू नका.

सार्जंट_काकू
पाण्यावरून भांडा खुशाल, पण पाणी ओतायच्या आधी नळीत काय आहे ते कोणी बघितलं? धाग्यात एकानेही लिहिलेलं नाही!

आमच्या तुकडीतला एक पोरगा गेल्या वर्षी साफ करायला बसला. मी म्हटलं, आधी गज सोड. रिकाम्या नळीत गज तळाला आपटला की खण्णकन वाजतो. याचा आवाज आला "थप". बोंडाचं भोक काजळीने बुजलेलं. टोपी फुटत होती, आतली दारू पेटतच नव्हती. आजूबाजूला इतका गलका की पठ्ठ्याला कळलंच नाही. त्याने वर दुसरं काडतूस रिकामं केलेलं. तोंडाकडून पाणी ओतून दारूचा चिखल केला, बराच वेळ तशीच ठेवली, मग हळूहळू उपसली. तोपर्यंत नळीच्या तोंडासमोर कोणाला फिरकू दिलं नाही.

हे नवशिक्यांचंच होतं असंही नाही. १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या रणांगणावरून २७ हजारांवर बंदुका गोळा केल्या, त्यातल्या बहुतेक भरलेल्या निघाल्या, कित्येकींत एकावर एक बार ठासलेले. खरे सैनिक होते ते.

पेनसिल्व्हेनियाकर
काकू, चूक माझी. गज मी रोज सोडतो, लिहायचं राहिलं. बोंडात सुईही घालतो.

बाबल्याभाऊंसाठी: येत्या शनिवारी मित्राची आणि माझी, दोन सारख्या बंदुका. एकीला उकळतं, एकीला नळाचं. दुसऱ्या दिवशीच्या चिंध्यांचे फोटो इथेच टाकतो.

कुडाळचा_बाबल्या
दुसऱ्या दिवशीचे नको. आठवड्यानंतरचे टाका. आणि एसी बंद ठेवा.