जुलैचा ‘फॉर्म बी’ घेण्याआधी गच्चीवर पाणी येते का, ते पाहू या

सदनिका ११०३ :
नमस्कार मंडळी. येत्या जुलैमध्ये आपल्याला अग्निशमन यंत्रणेचा ‘फॉर्म बी’, म्हणजे ती चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक एजन्सीचे प्रमाणपत्र, पुन्हा द्यायचा आहे. त्यानिमित्ताने हा जरा मोठा संदेश लिहीत आहे. सवडीने वाचा, पण पूर्ण वाचा.

शनिवारी वॉचमन आणि इलेक्ट्रिशियन यांना बरोबर घेऊन मी पंपरूम पाहिली. मुख्य पंप आणि जॉकी पंप, दोघांचेही स्विच पॅनलवर ‘ऑटो’ऐवजी ‘मॅन्युअल’वर होते आणि रायझरच्या (पाणी वर नेणाऱ्या उभ्या पाइपाच्या) प्रेशर गेजचा काटा शून्यावर टेकलेला होता. चौकशी केल्यावर कळले की, तिसऱ्या मजल्यावरचा हायड्रंट व्हॉल्व्ह (आगीच्या वेळी होज जोडायचा नळ) गळत असल्यामुळे जॉकी पंप रात्री-अपरात्री सुरू होत असे आणि तळमजल्यावरच्या कुटुंबांची झोपमोड होई, म्हणून कोणीतरी तो बंद करून ठेवला. त्यांचा त्रास खरा होता. पण त्यावरचा इलाज व्हॉल्व्ह बदलणे हा होता, पंप झोपवणे हा नव्हे.

ज्यांना ही यंत्रणा कशी चालते याची कल्पना नाही, त्यांच्यासाठी सांगते. जिन्याशेजारून गच्चीपर्यंत गेलेल्या लाल पाइपात पाणी कायम दाबाखाली भरलेले असावे लागते. थोडी गळती झाली तर छोटा जॉकी पंप दाब भरून काढतो. पण एखाद्या मजल्यावर आगीसाठी व्हॉल्व्ह उघडला की दाब एकदम पडतो आणि मुख्य पंप आपोआप सुरू होतो. स्विच ‘मॅन्युअल’वर असेल तर रात्री तीन वाजता कोणीतरी धावत पंपरूमपर्यंत जाऊन, कुलपाची किल्ली शोधून, बटण दाबेपर्यंत वरच्या माणसाच्या हातात नुसता कोरडा होज राहील. त्यातही चौथ्या आणि सहाव्या मजल्यांवरच्या होज बॉक्समधील पितळी नोझल गायब आहेत, म्हणजे तिथे पाणी आले तरी ते नेमके मारता येणार नाही.

दुसरी गोष्ट मला याहून गंभीर वाटते. आग लागली की सर्वांत आधी इमारतीचा वीजपुरवठा तोडला जातो. आपल्या फायर पंपाची केबल कॉमन मेन स्विचच्या पुढून घेतली आहे, असे इलेक्ट्रिशियनने दाखवले. याचा अर्थ मेन स्विच पाडला की पंपही थांबणार. फायर पंपाला मेन स्विचच्या अलीकडून स्वतंत्र लाइन द्यावी लागते आणि वीज नसताना डिझेल पंप चालू व्हावा लागतो. आपल्या डिझेल पंपाची बॅटरी उतरलेली आहे.

खजिनदार :
ताई, आपली काळजी समजते. परंतु जानेवारीत परवानाधारक एजन्सीने ‘फॉर्म बी’ दिलेला आहे आणि या वर्षी वॉटरप्रूफिंग व रंगकामाचा मोठा खर्च समोर आहे. तूर्त गळका व्हॉल्व्ह बदलावा आणि बाकीचा विषय वार्षिक सर्वसाधारण सभेत घ्यावा, असे माझे मत आहे.

सदनिका ११०३ :
खजिनदार साहेब, आपण खर्चाचा हिशेब काटेकोर ठेवता म्हणूनच सोसायटी नीट चालली आहे, पण इथे मला आपले म्हणणे पटत नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार यंत्रणा सदैव चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची, म्हणजे आपली आहे. जानेवारी आणि जुलैमधले प्रमाणपत्र ही त्या जबाबदारीची नोंद असते, सुटका नव्हे. परळच्या क्रिस्टल टॉवरमध्ये २२ ऑगस्ट २०१८ रोजी आग लागून चौघांचा जीव गेला, तेव्हा इमारतीची अग्निशमन यंत्रणा चालत नसल्याचे समोर आले होते. रंगकाम सहा महिने पुढे गेले तर भिंती थोड्या मळकट दिसतील, एवढेच होईल.

म्हणून माझी मागणी एकच आहे. एजन्सीने सभासदांसमोर गच्चीवरचा हायड्रंट उघडून दाखवावा, मेन स्विच पाडून पुन्हा उघडून दाखवावा, आणि सर्वांत वरच्या ठिकाणी गेजवर दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलोचा दाब दिसला तरच आपण प्रमाणपत्र स्वीकारावे.

सदनिका ९०२ :
मी ज्येष्ठ नागरिक या नात्याने एक अडचण मांडतो. माझ्या पत्नीला वॉकर घेऊन चालावे लागते आणि जिन्याचा फायर दरवाजा इतका जड आहे की तो तिला एकटीला उघडत नाही. त्यामुळे आम्हीच तिथे वीट लावून ठेवतो. हे चुकीचे असेल तर उपाय सुचवावा.

सदनिका ११०३ :
काका, आपण हे मोकळेपणाने सांगितलेत, त्याबद्दल आभार, कारण अशा विटा आणखी तीन मजल्यांवर आहेत. आगीत पुष्कळदा ज्वाळेपेक्षा धूर आधी जीव घेतो. गोरेगावच्या जय भवानी इमारतीत ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे पार्किंगमध्ये साठवलेल्या जुन्या कपड्यांना आग लागली आणि धूर वरच्या मजल्यांवर चढत गेला. आपला दरवाजा उघडा राहिला तर जिना धुराड्यासारखा काम करील, आणि उतरायची वाट तर तीच आहे. दरवाजाच्या क्लोजरचा (तो आपोआप बंद करणाऱ्या यंत्राचा) ताण कमी करता येतो, ते काम मी याच आठवड्यात करून घेते. तेवढ्याने भागले नाही, तर अलार्म वाजताच दरवाजा सोडून देणारे चुंबकीय होल्डर मिळतात, ते आपल्या मजल्यावर बसवू. काकूंना जिना उतरणे शक्य नसेल तर आठव्या मजल्यावरच्या रेफ्युज एरियापर्यंत (आगीच्या वेळी थांबण्यासाठी राखलेल्या मोकळ्या जागेपर्यंत) एकच मजला उतरायचा आहे. तिथे ठेवलेल्या कुंड्या आणि सायकली मात्र आधी हलवाव्या लागतील. जिन्यात धूर असेल तर घरातच थांबून दार बंद करावे, फटीत ओले टॉवेल कोंबावे, बाहेरच्या बाजूच्या खिडकीपाशी थांबावे आणि १०१ वर मजला व सदनिका क्रमांक कळवावा.

सचिव :
खजिनदारांशी बोलणे झाले असून व्हॉल्व्ह, नोझल, बॅटरी आणि स्वतंत्र केबल यांचे दर मागवण्यास त्यांनी संमती दिली आहे. दोन्ही पंप आज सायंकाळी ‘ऑटो’वर केले आहेत, व्हॉल्व्ह बदलेपर्यंत जॉकी पंपाचा आवाज येईल, तेवढा तळमजल्यावरील सभासदांनी कृपया सोसावा. एजन्सीची चाचणी रविवारी सकाळी दहा वाजता सर्वांसमक्ष होईल. गच्चीवरील पाणी ‘बी’ विंगच्या बाजूला सोडले जाणार असल्याने त्या रांगेतील गाड्या साडेनऊपर्यंत हलवाव्यात, आणि मेन स्विच पाडला जाणार असल्याने दहा ते साडेदहा या वेळेत कोणीही लिफ्ट वापरू नये.