मॅक्स-कट : नाणे उडवून निम्म्या कडा कशा?

प्रश्न (जळगाव): मॅक्स-कट म्हणजे आलेखाचे (बिंदू व त्यांना जोडणाऱ्या कडा यांच्या जाळ्याचे) शिरोबिंदू दोन गटांत असे वाटायचे, की जास्तीत जास्त कडा कापल्या जाव्यात, म्हणजे त्यांची दोन टोके वेगवेगळ्या गटांत पडावीत. प्रत्येक शिरोबिंदूसाठी नाणे उडवून दोन गट पाडले, तर निदान निम्म्या कडा कापल्या जातात, असे वाचले. हे कसे?

उत्तर (धुळे): ताई, ही हमी सरासरीची आहे. शिरोबिंदू म्हणजे गावे माना. भुसावळ–जळगाव ही कड दोन नाण्यांच्या चारपैकी दोन शक्यतांत कापली जाते, आणि अशा सर्व कडांची बेरीज केली की अपेक्षित मूल्य (म्हणजे सरासरी) निम्मे येते.

उत्तर (नंदुरबार): खरे सौंदर्य पुढे आहे. गोमन्स आणि विल्यमसन या संशोधकांनी १९९५ मध्ये प्रत्येक शिरोबिंदूला एकक सदिश (लांबी १ असलेला बाण) देऊन ते यादृच्छिक प्रतलाने विभागले व ०.८७८ हे गुणोत्तर गाठले, म्हणजे सर्वोत्तम विभागणीत जितक्या कडा कापल्या जातात त्याच्या सरासरीने निदान ८७.८ टक्के कडा कापल्या. इचलकरंजीचे संगणकशास्त्रज्ञ सुभाष खोत यांचे २००२ मधील ‘युनिक गेम्स’ अनुमान (एका विशिष्ट प्रकारच्या कोड्याचे जवळपासचे उत्तर काढणेही फार कठीण आहे, हे) खरे असेल, तर याहून सरस गुणोत्तर गाठणे एनपी-कठीण (ज्यांची कोणतीही जलद पद्धत माहीत नाही अशा प्रश्नांइतके अवघड) ठरते. आपल्या मराठी माणसाचे हे काम प्रत्येक विद्यार्थ्याने मुळातून वाचावे, असे मला मनापासून वाटते.