मदत हवी आहे: चढावर मागे पडतो, हलकी सायकल घ्यावी की फिटनेसवर मेहनत घ्यावी?

सपाटरस्ता:
मंडळी, खरेदीचा निर्णय अडलाय, म्हणून धागा काढतोय.

माझं वजन ७८ किलो. सायकल अ‍ॅल्युमिनियमची हायब्रिड, पुढे कॉइलचा सस्पेन्शन फोर्क, वजन १३ किलो. टायर ७००×४२, नॉबी (गुट्ट्यांचे). कपडे, बूट, हेल्मेट, दोन भरलेल्या बाटल्या, पंप आणि ट्यूब मिळून आणखी ४ किलो. गिअरचे दात पुढे ४८/३८/२८, मागे ११-३४.

नेहमीचा चढ ६ किमीचा, सरासरी ७ टक्के, पूर्ण डांबरी. जीव तोडून ४२ मिनिटं लागतात. सोबतचे ३८ मिनिटांत पोचतात. ९ किलोची रोडबाइक बघून ठेवली आहे, पुढे ५०/३४, मागे ११-२८.

४ किलो कमी झाले तर वेळ किती कमी होईल? तेवढाच फरक फिटनेसने पडायला काय करावं लागेल? आणि चाकाचं वजन दुप्पट धरायचं असतं म्हणतात, ते खरं का?

चकती३४:
आकडे व्यवस्थित दिलेत, त्यामुळे हिशोब करता येतो.

एकूण वजन ९५ किलो. ४२ मिनिटांत ६ किमी म्हणजे ताशी साधारण ८.६ किमी. या वेगाला तुम्हाला मागे ओढणारा जोर सुमारे ७५ न्यूटन. त्यातले ६५ गुरुत्वाकर्षणाचे, सुमारे ८ टायरच्या रोलिंगचे (रस्त्यावर फिरताना टायरला होणाऱ्या विरोधाचे) आणि हवेचे जेमतेम दीड-पावणेदोन. साखळीतली गळती धरून पायातून निघणारी ताकद १८५ वॉटच्या आसपास येते. ही मूळ स्थिती धरून एकेक गोष्ट बदलून बघू.

फक्त सायकल ४ किलो हलकी केली, टायर तेच ठेवले: ४० मिनिटं २० सेकंद. म्हणजे १ मिनिट ४० सेकंदांची बचत.

सायकल तीच ठेवून फक्त टायर बदलले, नॉबी काढून चांगल्या प्रतीचे गुळगुळीत ३५ मिमी: ४० मिनिटं. बचत २ मिनिटं.

हे परत वाचा. टायरची एक जोडी ४ किलोंना भारी पडते, तेही चढावर, जिथे वजनाला सगळ्यात जास्त किंमत आहे. नॉबी टायरचा रोलिंग गुणांक डांबरावर ०.००९ आणि चांगल्या गुळगुळीत टायरचा ०.००५ धरलाय. टायरनुसार हे आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण चित्र तेच राहील. नॉबीच्या गुट्ट्या रस्त्याला टेकताना दबतात, मुरडतात आणि सुटतात. त्या मुरडण्यात रबर तापतं आणि ताकद तिथेच मुरते. डांबरावर जी गुणगुण ऐकू येते ती याच मुरडण्याची.

दोन्ही केलं तर साडेअडतीस मिनिटांच्या जरा आत. आणि काहीच न बदलता फक्त पायातली ताकद १० टक्क्यांनी वाढवली, १८५ ची २०४ वॉट केली, तर ३८ मिनिटं २० सेकंद. १५ टक्के वाढली तर पावणेसदतीस.

सपाटीवर तर वजनाचा प्रश्न जवळपास मिटतोच. ताशी २५ किमीला ४ किलो कमी झाल्याने दोन-अडीच वॉट वाचतात. टायर बदलल्याने २६. हँडलवर जरा खाली वाकून, कोपर आत घेऊन बसलात तर १५ च्या आसपास.

मोकळाश्वास:
वरच्या हिशोबाला +१. आता १० टक्के आणायचे कसे ते.

४२ मिनिटं खरोखर पूर्ण जोर लावून जात असाल तर तुमची एफटीपी (साधारण तासभर टिकवता येईल अशी कमाल ताकद) १८५ च्या आसपास आहे, म्हणजे किलोमागे २.४ वॉट. या पातळीवर नियमित सरावाने ८ ते १२ आठवड्यांत १० टक्के वाढ होणं अगदी शक्य आहे. आधीपासून शिस्तीत सराव करणाऱ्याला तेच १० टक्के फार जड जातात.

आठवड्यात तीन दिवस पुरेत. एक दिवस २० मिनिटांचे दोन तुकडे, मध्ये ८ मिनिटं अगदी हलकं पेडलिंग. जोर एफटीपीच्या ९० टक्के, तुमच्यासाठी १६५ ते १७०. पॉवर मीटर नसेल तर बोलून बघा: तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर जोर बरोबर. पूर्ण वाक्य जातंय तर कमी पडतोय, एकच शब्द निघतोय तर जास्त होतोय. दुसऱ्या दिवशी ४ मिनिटांचे ५ तुकडे, प्रत्येकानंतर ४ मिनिटं आराम. इथे जोर इतका हवा की पाचवा तुकडा कसाबसा पूर्ण व्हावा. तिसरा दिवस लांब आणि सावकाश, दोन ते तीन तास, गप्पा मारता येतील अशा वेगाने. कठीण दोन दिवसांमध्ये किमान ४८ तास जाऊ द्या. दर चौथ्या आठवड्याला एकूण वेळ निम्म्यावर आणा.

बहुतेकांचं बिघडतं ते सावकाश दिवशी. तो दिवस मध्यम जोराचा होतो, मग कठीण दिवशी पाय उरत नाहीत, आणि आठवडाभर सगळंच मधल्या वेगात जातं. घाम भरपूर निघतो, वाढ होत नाही.

शरीराचं वजन ४ किलो उतरलं तरी चढावर फायदा तोच, १ मिनिट ४० सेकंदांचा, पण ताकद टिकली तर. आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा वेगाने उतरवू नका. उपाशीपोटी कठीण सराव केला की वॉट वजनाआधी उतरतात.

अजून एक, आणि हे उद्यापासून करता येईल. तुमची सरासरी किलोमीटरला ७ मिनिटांची आहे. पहिला किलोमीटर ६ मिनिटांत जात असेल तर शेवटचे दोन किलोमीटर त्याची वसुली करतात. एकसारख्या चढावर पहिला किलोमीटर ७ मिनिटांच्या वरच ठेवा आणि शेवटच्या दीड किलोमीटरला जोर वाढवा.

हलकीचाकं:
चाकांचं राहिलं. चाकावरचा एक किलो म्हणजे फ्रेमवरचे दोन किलो. त्यामुळे आधी चाकं बदला, मग बाकीचं.

चकती३४:
@हलकीचाकं, हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यापायी लोक चुकीची खरेदी करतात.

रिम आणि टायरचं वजन पुढेही सरकतं आणि फिरतंही, म्हणून वेग *वाढवताना* ते जवळपास दुप्पट मोजावं लागतं. हबचं (चाकाच्या मधल्या तुंब्याचं) नाही, ते मध्यभागी असतं. पण एकसारख्या वेगाने चढताना वेग वाढतच नाही. तिथे रिमवरचा किलो आणि बाटलीतला किलो सारखाच. वेग वाढवतानाचा फरकही बघा: ९५ किलोंना थांबल्यापासून ताशी ३० किमीवर न्यायला ३३०० ज्यूल लागतात. दोन्ही रिम-टायर मिळून अर्धा किलो जड असतील तर त्यात ३५ ज्यूलची भर पडते. एक टक्का.

हलकं चाक हाताला आणि पायाला चपळ लागतं हे मात्र खरं. उभं राहून सायकल डावी-उजवी झुलवताना ते जाणवतं, आणि ते आवडणं काही गैर नाही. फक्त घड्याळात ते शोधू नका.

गिअरमास्तर:
खरेदीआधी गिअर बघा. या धाग्यातली सगळ्यात महागात पडणारी चूक तिथे होऊ शकते.

आत्ता तुमचा सगळ्यात हलका गिअर २८/३४, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचे ०.८२ फेरे. रोडबाइकवर ३४/२८, म्हणजे १.२१. गिअर जवळपास दीडपट जड. ७ टक्क्यांवर कॅडेन्स (मिनिटाला पेडलचे फेरे) ६० च्या आसपास राहील, ते चालून जाईल. पण सरासरी ७ टक्के असलेल्या चढात १२ टक्क्यांची वळणं असतातच. तिथे याच ताकदीत कॅडेन्स ४० च्या खाली जाते. मग प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर जोर येतो, मांड्या भरतात, आणि वळण संपल्यावरही सावरायला वेळ लागतो. ४ किलोंनी दिलेलं सगळं तिथे परत जातं.

घ्यायचीच असेल तर मागे ११-३४ कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) बसते का ते आधी विचारा. मागच्या डिरेलरची (गिअर बदलताना साखळी सरकवणाऱ्या भागाची) कमाल दात-मर्यादा त्याच्या मॉडेलवर ठरलेली असते. शॉर्ट केज (डिरेलरचा साखळी धरणारा दांडा आखूड) असेल तर बहुधा बसत नाही. मोठी कॅसेट टाकली की साखळीही नवी, लांब लागते. जुनीच ठेवली आणि पुढे मोठ्या चकतीवर असताना मागेही सगळ्यात मोठ्या चकतीवर गेलात तर डिरेलर ताणला जाऊन हँगर (डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) वाकतो किंवा तुटतो.

वजन कोणाला जास्त लागतं तेही सांगतो. ५० किलोच्या चालकाला ४ किलो म्हणजे एकूण वजनाच्या सुमारे ६ टक्के, तुम्हाला ४. सायकल रोज जिन्यावरून उचलून न्यावी लागत असेल तर हिशोब न करता हलकी घ्यावी. आणि स्पर्धेतल्या सायकलींसाठीसुद्धा यूसीआयने (सायकलिंगच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने) २००० सालापासून किमान वजन ६.८ किलो ठेवलंय. ते खेळाडू आपल्याहून वेगळ्या वेगाने चढतात त्याचं कारण पायात आहे.

सपाटरस्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. टायर काढून पाहिला: टायरवर ४२-६२२, रिमवर ६२२×१९. यावर ३५ मिमी बसेल का, आणि हवा किती? दुसरं, मागचं चाक उचलून फिरवलं तर पाच-सहा फेऱ्यांत थांबतं आणि प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी खस्स असा आवाज येतो. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आहे. आणि हा सगळा हिशोब स्वतः पडताळून बघायचा काही मार्ग आहे का?

चकती३४:
१९ मिमी रिमवर ३५ मिमी छान बसतो. ३२ सुद्धा बसेल, पण सायकल हायब्रिड आहे आणि रस्ता कुठे ना कुठे खराब असतोच, तेव्हा ३५ च घ्या. मागे ५५ पीएसआय, पुढे ५० पासून सुरुवात करा. ८० भरू नका: टणक टायर खडबडीत डांबरावर उड्या मारतो, आणि उडीत गेलेली ताकद परत येत नाही. ट्यूबही ३५ ला चालणारी घ्या. ४२ ची तशीच कोंबली तर आत घडी पडते आणि काही आठवड्यांत त्या घडीवर चिरते.

पडताळा घेणं सोपं आहे. वारा नसलेल्या दिवशी त्याच चढावर पाठपिशवीत ४ लिटर पाणी घेऊन जा, पुढच्या वेळी न घेता. हृदयाचे ठोके दोन्ही वेळा सारखे ठेवा. पावणेदोन मिनिटांच्या आसपास फरक यायला हवा. एकेका फेरीवर भरवसा ठेवू नका, दोन्ही प्रकारे तीन-तीन फेऱ्या करून मधला आकडा घ्या. झोप आणि उन्हामुळेच मिनिटभर इकडेतिकडे होतं.

गिअरमास्तर:
एकाच जागी खस्स म्हणजे रोटर (ब्रेकची चकती) वाकलाय. सतत घासत असतं तर कॅलिपर (ब्रेकचे पॅड धरणारा भाग) सरकलाय असं म्हटलं असतं.

कॅलिपरच्या फटीमागे पांढरा कागद धरा आणि चाक हळू फिरवा. रोटर आणि पॅडमधली उजेडाची रेघ जिथे मिटते तिथे रोटरवर मार्करने बारीक खूण करा. खुणेचा भाग कॅलिपरच्या बाहेर आणा. पान्याच्या जबड्यात स्वच्छ कापड घालून रोटर पकडा आणि विरुद्ध बाजूला अगदी हलका दाब द्या. परत फिरवून बघा. चार-पाच वेळा थोडंथोडं करा, एकदम वाकवू नका. रोटरला बोट लावू नका, बोटाचं तेल पॅडमध्ये मुरलं की ब्रेक किंचाळतात. शेवटी खूण आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून टाका.

रोटर सरळ झाल्यावर कॅलिपरचे दोन बोल्ट अर्धा फेरा सैल करा, ब्रेक लिव्हर दाबून धरा आणि बोल्ट आलटूनपालटून पाव-पाव फेरा घट्ट करत न्या. एकच बोल्ट आधी पूर्ण आवळला तर कॅलिपर तिरका बसतो आणि पुन्हा घासतो. आणि चाक बाहेर काढलेलं असताना लिव्हर चुकूनही दाबू नका, पॅड एकमेकांना चिकटतात आणि रोटर परत आत जात नाही.