काळी मस्टँग : बॉनेटवर मीटर चालेना, कंपाउंडनंतरचा धुरकटपणा जाईना

काळीघोडी_कोल्हापूर
नमस्कार मंडळी. गाडी २०१७ ची मस्टँग जीटी, काळा रंग. मागच्या मालकाने एका दुकानातून रोटरीने (एकाच अक्षावर गोल फिरणारं मशीन) पॉलिश करून घेतली होती. घेतली तेव्हा आरशासारखी होती, तीन वॉशनंतर उन्हात सगळं उघडं पडलं. छतावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे, दारांवर उजेडासोबत सरकणारे पट्टे.

पेंटची जाडी मोजणारं मीटर घेतलं. आकडे मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. छत ११२ ते ११८, उजवं दार ११५, मागचे दोन्ही क्वार्टर (मागच्या चाकांवरचे पत्रे) १२० च्या आसपास, डावं दार २३० ते २६०. बॉनेट आणि पुढच्या दोन्ही फेंडरवर मीटर आकडाच दाखवत नाही. तिथं पुट्टी भरलीय का?

उजव्या दारावर दीड फुटाचा चौकोन करून बघितला. १५ मिमी थ्रोची डीए (फिरता फिरता डोलणारं पॉलिश मशीन), मायक्रोफायबर पॅड, मेंझर्ना कंपनीचं ४०० नंबरचं जड कंपाउंड. ओरखडे गेले, पण टॉर्च मारला की काळ्यावर दुधी झाक दिसते. वरून फोम पॅडने त्याच कंपनीचं ३८०० नंबरचं बारीक पॉलिश मारलं, थोडी कमी झाली, गेली नाही. अजून कापू का?

गाडी दिवसा शिरोली एमआयडीसीत उभी असते, धुवायला बोअरचं पाणी. दिवाळीआधी काम संपवून कोटिंग (पेंटवरचा संरक्षक थर) करायचा विचार आहे.

मायक्रॉनवाला
आधी बॉनेटची काळजी मिटवतो. या पिढीच्या मस्टँगचं बॉनेट आणि पुढचे फेंडर ॲल्युमिनियमचे आहेत. साधं मीटर चुंबकाच्या तत्त्वावर चालतं, त्याला खाली लोखंड लागतं. ॲल्युमिनियमसाठी एडी करंटवालं, म्हणजे लोखंडी आणि बिगर-लोखंडी दोन्ही मोड असलेलं मीटर हवं. खात्री करायची तर फ्रिजवरचं चुंबक मऊ कापडात गुंडाळून टेकवून बघा, बॉनेटला चिकटणार नाही. लोखंडावर पुट्टी असती तर मीटर गप्प बसलं नसतं, पाचशे-हजारच्या घरातला आकडा दिला असता. बंपर प्लास्टिकचे, तिथं दोन्ही प्रकारची मीटरं निरुपयोगी.

दोन मोडचं मीटर मिळेपर्यंत बॉनेटला कंपाउंड लावू नका. त्यावर आधी किती वेळा रोटरी फिरलीय ते आपल्याला माहीत नाही, आणि लोकांची नजर पहिली बॉनेटवर जाते म्हणून दुकानवालेही सगळ्यात जास्त तिथंच घासतात.

आता आकड्यांचा अर्थ. ११५ हा सगळा थर मिळून : खाली प्रायमर, मग काळा बेस, वर क्लिअर कोट म्हणजे पारदर्शक थर. यातला क्लिअर साधारण ३५ ते ५० मायक्रॉन, आणि आपण खेळतो ते फक्त त्याच्या वरच्या भागात. ऊन अडवणारी द्रव्यं क्लिअरमध्येच असतात. थर पातळ केला की काही वर्षांनी छत आणि बॉनेट पांढरट पडून सोलायला लागतात, आणि त्यावर रिपेंटशिवाय उपाय नाही. म्हणून गाडीच्या अख्ख्या आयुष्यात मिळून आठ-दहा मायक्रॉनपेक्षा जास्त काढायचे नाहीत, असा हिशोब धरा. मायक्रोफायबर पॅड आणि जड कंपाउंडचा एक पूर्ण सेट पेंटच्या कडकपणानुसार दोन ते चार घेऊन जातो. बारीक पॉलिश एकापेक्षाही कमी.

एका जागी एकच रीडिंग घेऊन काही ठरवू नका. स्वस्त मीटरमध्ये दोन-तीन मायक्रॉनचा फरक ही मीटरचीच चूक असू शकते. आधी सोबतच्या पट्टीवर शून्य करा, मग एका पॅनेलवर पंधरा-वीस ठिकाणी मोजा आणि मास्किंग टेपच्या तुकड्यावर आकडे लिहून तिथंच चिकटवा. सरासरीपेक्षा सगळ्यात कमी आकडा महत्त्वाचा.

डावं दार रिपेंट आहे. २३० बघून "इथं भरपूर माल आहे" असं समजू नका. जाडी प्रायमरमध्येही असू शकते, आणि बाहेर मारलेला क्लिअर बऱ्याचदा कंपनीच्या भट्टीतल्यापेक्षा मऊ असतो. त्या दाराची चाचणी स्वतंत्र करा, उजव्या दाराची रेसिपी तिथं चालेलच असं नाही.

शिरोलीकर
मशीनला हात लावायच्या आधी धुण्याचं बोलू, कारण तुमच्या गाडीवर नुसती धूळ नाही. शिरोली असो की गोकुळ शिरगाव, फाउंड्रीच्या पट्ट्यात हवेत लोखंडाची भुकटी असते. ती क्लिअरमध्ये रुतते आणि तिथंच गंजते. पांढऱ्या गाडीवर तांबूस ठिपके दिसतात, काळ्यावर काहीच दिसत नाही म्हणून लोकांना वाटतं गाडी स्वच्छ आहे. हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून धुतलेल्या छतावरून बोटं फिरवा. खरखर लागली तर ते लोखंड. ते तसंच ठेवून पॉलिश केलं तर कण सुटून पॅडमध्ये अडकतात आणि तुम्ही स्वतःच नवे ओरखडे पाडता.

क्रम असा. सावलीत, पॅनेल थंड. आधी प्रेशरने नुसतं पाणी, नोझल फूटभर लांब, रिपेंट दाराच्या कडांवर अजून लांब. मग फोम मारून चार-पाच मिनिटं, वाळायच्या आत धुवा. मग दोन बादल्या, दोन्हींच्या तळाला जाळी : एकीत शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. मिट (धुण्याचा मऊ हातमोजा) प्रत्येक पॅनेलनंतर साध्या पाण्यात खंगाळायचा आणि मगच शॅम्पूत बुडवायचा. वरून खाली यायचं, दाराचा खालचा भाग आणि मागचा बंपर शेवटी, वेगळ्या मिटने.

यानंतर आयर्न रिमूव्हर, म्हणजे रुतलेलं लोखंड विरघळवणारा फवारा. तीन ते पाच मिनिटांत जांभळे ओघळ सुटतात. वास उग्र असतो, हातमोजे घाला आणि कुठंही वाळू देऊ नका. शिरोलीत उभ्या राहणाऱ्या गाडीला एका वेळेत भागत नाही, दुसऱ्यांदा मारल्यावर ओघळ जवळपास थांबले पाहिजेत. हायवेचं डांबर खालच्या पट्ट्यात असेल तर टार रिमूव्हर. शेवटी बारीक ग्रेडची क्ले (रुतलेली घाण उचलणारा मऊ मातीसारखा गोळा), शॅम्पूच्या पाण्याची भरपूर ओल ठेवून, जोर न देता. क्ले खाली पडली तर तो तुकडा टाकून द्या, धुऊन वापरायचा मोह नको. क्लेने काळ्यावर हलक्या रेघा येतातच, त्यामुळं ती पॉलिशच्या आदल्या दिवशी, उगाच महिन्याला नाही.

बोअरच्या पाण्याचं गणित टीडीएस मीटरने (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) करा, स्वस्तात मिळतं. चारशे-पाचशे आकडा असेल तर ते पाणी काळ्या गाडीवर वाळू देणं म्हणजे चुन्याचे गोल शिक्के मारणं. धुवायला वापरा, पण शेवटचं पाणी पन्नासच्या खालचं घ्या. घरच्या आरओचं दहा-बारा लिटर साठवून झारीने वरून ओतलं तरी पुरतं. बसलेल्या डागांना पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात, कापड भिजवून मिनिटभर ठेवायचं आणि धुऊन टाकायचं. त्यानेही गेले नाहीत तर क्षार क्लिअरमध्ये खात गेलेत, ते मग पॉलिशचं काम.

पॅड_आणि_पॉलिश
दुधी झाकेबद्दल. अजून कापू नका. ओरखडे गेलेत म्हणजे कापण्याचं काम झालंय. उरलंय ते कापणाऱ्या पॅडनेच पाडलेलं बारीक खरवडणं. मायक्रोफायबरचे तंतू स्वतःच कापतात, आणि मऊ क्लिअरवर त्यांचा माग राहतो. इतर रंगांवर तो खपून जातो, काळ्यावर टॉर्चखाली नाही.

तुमची चूक मधली पायरी गाळण्यात आहे. ४०० वरून थेट ३८०० ही उडी मोठी आहे. ३८०० मध्ये तो माग पुसण्याइतकी धारच नाही. मध्ये त्याच कंपनीचं २५०० घ्या, मध्यम फोम पॅडवर, आणि मग ३८०० सगळ्यात मऊ फोमवर.

पण त्याआधी दारावर कोऱ्या जागी दुसरी चाचणी करा : २५०० आणि मध्यम फोम, मायक्रोफायबर नाहीच. त्याने ८० टक्के ओरखडे जात असतील तर अख्ख्या गाडीला तेवढंच पुरे. ४०० फक्त जिथं अडेल तिथं. सगळ्यात सौम्य जोडीने सुरुवात करायची आणि गरज पडली तरच चढायचं. तुम्ही उलटं केलंत, बहुतेक जण तसंच करतात.

हाताचं सांगतो, कारण निम्मा निकाल तिथं आहे. नव्या पॅडला आधी सगळीकडे पातळ पॉलिश चोळून घ्या, पुढं दर चौकोनाला वाटाण्याएवढे तीन-चार थेंब. चौकोन दीड फूट बाय दीड फूट, त्याहून मोठा नको. एक नंबर स्पीडवर पसरवा, मग चार-पाचवर. मशीन सेकंदाला एक इंच सरकलं पाहिजे, हे डोळ्याला फार हळू वाटतं आणि तितकंच हळू हवं. आडवे-उभे मिळून चार ते सहा फेरे, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढलेला. बॅकिंग प्लेटच्या (पॅड चिकटवायची तबकडी) कडेला मार्करने एक रेघ मारा. ती फिरताना दिसली तर पॅड फिरतोय, थांबलेली दिसली तर तुम्ही जास्त दाबताय किंवा पॅड वाकडा धरलाय.

मेंझर्नाचे कण काम करता करता बारीक होत जातात. थर पारदर्शक तेलकट दिसेपर्यंत चालवा. लवकर थांबलात तर कण अर्धवट तुटलेले राहतात आणि झाक उरते. कोरडं पडल्यावरही घासत राहिलात तर भुकटी उडते आणि पुन्हा झाकच येते. शेवटच्या ३८०० ला तीन नंबर स्पीड, आणि दाब फक्त मशीनच्या वजनाचा.

प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने किंवा हवेने साफ करा. कापताना दर पॅनेलला पॅड बदला. एका गाडीला कापायचे सहा आणि फिनिशचे तीन-चार पॅड लागतात, दोन पॅडवर काळी गाडी होत नाही.

आणि तपासणी फसवी होऊ देऊ नका. मागच्या मालकाच्या वेळी दुकानात झालं ते हेच : पॉलिशमधलं तेल आणि फिलर रेघांत बसलं, गाडी चमकली, तीन वॉशमध्ये निघून गेलं. दर चौकोनानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल १५ टक्के, बाकी डिस्टिल्ड पाणी, फवारून मऊ कापडाने पुसा आणि मगच टॉर्च मारा. जास्त तीव्र अल्कोहोल नको, क्लिअर तात्पुरता मऊ पडून नव्या रेघा येतात. ट्यूबलाइटमध्ये काही कळत नाही. एकच एलईडी टॉर्च, बाकी दिवे बंद, आणि दुसऱ्या दिवशी गाडी उन्हात काढून एक नजर.

काळीघोडी_कोल्हापूर
आज कोऱ्या जागी २५०० आणि मध्यम फोम करून बघितलं, अल्कोहोलने पुसून. जाळं जवळजवळ गेलं, झाक नाही. दोन-तीन सरळ रेघा उरल्या, त्यात नख अडकत नाही. आधीचा चौकोनही २५०० आणि ३८०० ने साफ झाला. त्या उरलेल्या रेघांना २००० चा पाणपेपर मारू का? दाराला थोडी संत्र्याची सालही (सालीसारखा खडबडीत पोत) आहे.

उद्यमनगर_पेंट
भावा, नको. पाणपेपर आणि त्याचे माग काढायला लागणारं कंपाउंड मिळून सहज पाच-सात मायक्रॉन जातात. त्या दाराचं आयुष्यभराचं बजेट जवळजवळ संपलं. कंपनीच्या पेंटवरची साल तशीच राहू द्या. उरलेल्या रेघांचा काठ पॉलिशने गोल झाला की त्या उन्हात चमकत नाहीत, जवळ जाऊन शोधाव्या लागतात. त्या तशाच ठेवणं हेच शहाणपणाचं.

कडांचं कुणी बोललं नाही. बॉनेटच्या उभ्या धारा, क्वार्टरवरची घडी, दाराच्या कडा : ओला पेंट धारेवरून ओघळतो, त्यामुळं तिथं थर सगळ्यात पातळ. या सगळ्यांवर मास्किंग टेप मारा आणि शेवटी टेप काढून फक्त ३८०० ने हलका हात फिरवा. कापताना पॅडवर काळा रंग आला तर तिथंच थांबा, क्लिअर संपलाय. (तुमचं डावं दार जर कधी क्लिअरशिवाय साध्या रंगात मारलं असेल तर तिथं पॅड सुरुवातीपासूनच काळा होईल, गोंधळू नका.) बंपरवर अर्धा दाब, अर्धे फेरे. प्लास्टिक उष्णता वाहून नेत नाही, एका जागी साठवतं, आणि पेंट सुरकुततो. पॅनेलला हाताची मागची बाजू टेकवून ठेवता आली पाहिजे. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर ५० अंशांवर थांबा.

मायक्रॉनवाला
कोटिंगबद्दल थोडं वेगळं मत. दिवाळीची घाई करू नका. परतीचा पाऊस सुरू असेल तर हवेत दमटपणा असतो आणि कोटिंग त्यावरच घट्ट होतं, म्हणजे पुसायला मिळणारा वेळ रोज बदलतो. दोन फूट बाय दोन फूट लावा, इंद्रधनुष्यासारखी झळाळी दिसली की एका कापडाने उचला, दुसऱ्याने सपाट करा. काळ्यावर राहिलेला जास्तीचा थर गडद डागासारखा दिसतो, आणि वाळल्यावर तो पुन्हा पॉलिश करूनच निघतो. शेवटी दिव्याखाली अख्खी गाडी फिरून बघा. २४ तास पाणी नाही, आठवडाभर शॅम्पू नाही. ९एच हा पेन्सिलच्या कडकपणाचा आकडा आहे. धुळीवर फडकं फिरवलं तर ९एच वरही ओरखडा येतो. दगडांपासून बंपर वाचवायचा असेल तर पीपीएफच (पेंटवर चिकटवायची पारदर्शक फिल्म), आणि ती कोटिंगच्या आधी.

शिरोलीकर
दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू होतो. बगॅसची (उसाच्या चिपाडाची) काळी राख काळ्या गाडीवर दिसत नाही, पण बोटाला लागते. ती कोरड्या फडक्याने कधीच झटकू नका. ब्लोअरने उडवा, नाहीतर धुवा. जोतिबाच्या चैत्र यात्रेला किंवा मिरवणुकीत गुलाल पडला तरी तेच : आधी हवा, मग पाणी. ओला गुलाल दारांच्या फटीत शिरला की पुढचे चार वॉश गुलाबी ओघळ येत राहतात. आणि कापडी कव्हर बंद करा. वाऱ्याने हलणारं कव्हर आणि खाली अडकलेली धूळ, तुमच्या छतावरचं जाळं त्याचंही असू शकतं.

पुसायला जाड ट्विस्टेड टॉवेल, नुसता अंथरून उचलायचा, ओढायचा नाही. टॉवेल वेगळे धुवा, फॅब्रिक कंडिशनर नको.

पॅड_आणि_पॉलिश
एक राहिलं. काचेच्या रबरावर आणि काळ्या प्लास्टिकवर आधीच टेप मारा. पॉलिश त्यात बसून वाळलं की पांढरं दिसतं आणि काळ्या गाडीवर लांबून डोळ्यात येतं. बसलंच असेल तर ऑल पर्पज क्लीनर एकास दहा पाणी, मऊ टूथब्रश, लगेच ओल्या कापडाने पुसून घ्या. हे कोटिंगच्या आधी, नंतर नाही.