व्हीनसचा पलंग आणि तांब्याचा पत्रा
डच चित्रं म्हणजे दूध ओतणाऱ्या बायका आणि फळांच्या परड्या, पुराणातला प्रणय इटालियनांकडेच, असं मत ऐकू येतं, ते मला पटत नाही. नेदरलँड्समधल्या युट्रेक्टच्या योआखिम उटेवाल या चित्रकाराचं 'मार्स आणि व्हीनस' बघाच. साधारण 1604 ते 1608 मधलं, आता लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयात आहे. तांब्याच्या पत्र्यावर तैलरंग, आकार जेमतेम 20 बाय 15 सेंटिमीटर, म्हणजे हातात धरून निरखायचं चित्र. पलंगावर युद्धदेव मार्स आणि प्रेमदेवता व्हीनस रंगेहाथ सापडलेत, अपोलो देव हिरवा पडदा सारतोय, तिचा नवरा, लोहार देव व्हल्कन दोघांना पकडलेलं जाळं काढतोय, वर ढगातून देव हसताहेत. पडद्याच्या फटीतून मागे बघा, तिथे हाच व्हल्कन ते जाळं घडवतोय! आधीचा आणि नंतरचा प्रसंग एकाच चौकटीत, तोही एवढ्याशा जागेत. तांब्यावर रंग शोषला जात नाही, म्हणून इतकं बारीक काम आणि ती झळाळी साधते. शृंगार आणि फजिती इतकी एकजीव झालेली मला तरी दुसरीकडे दिसली नाही.

आणि दुसरा डच चित्रकार रेम्ब्रांट, त्याचं 'डनाए' हे चित्र विसरून कसं चालेल? ग्रीक कथेत देवांचा राजा झ्यूस डनाए या राजकन्येकडे सोन्याचा पाऊस होऊन येतो, इथे नुसता सोनेरी उजेड आहे, आणि तिने त्या दिशेने हात उचललाय.